एकशे त्रेचाळीस खड्ड्यांचा खुलासा

बातमी छापून आली सोमवारी आणि खात्याचं पत्र आलं मंगळवारी. आमच्या लोहारा तालुक्यात सरकारी पत्र इतक्या वेगानं आल्याची ही पहिलीच वेळ असावी. ती स्वतंत्र बातमी झाली असती, पण पत्र मलाच आलेलं असल्यामुळे मी तो मोह आवरला.

बातमीचा मथळा होता : 'लोहारा ते करजवाडी फाटा : अकरा किलोमीटरमध्ये १४३ खड्डे'. खाली नेहमीप्रमाणे 'वार्ताहर' एवढंच. तो वार्ताहर मी. बावीस वर्षं रोज संध्याकाळी सहाच्या आत बातमी पाठवतो आणि या बावीस वर्षांत माझा एकही आकडा चुकलेला नाही. सोनारीच्या जत्रेला बाकीचे वार्ताहर 'हजारोंचा जनसागर' लिहून मोकळे होतात. मी देवळाबाहेरच्या चपला मोजतो आणि दोननं भागतो. शुद्धलेखनाची चूक मी माफ करतो, आकड्याची नाही. तालुक्यात कुणाची पैज लागली की लोक म्हणतात, मार्तंडरावांना विचारा. यापलीकडे माझ्याकडे मिरवण्यासारखं काही नाही आणि मला त्याची खंतही नाही.

पत्रात लिहिलं होतं : 'सदर रस्त्याची या कार्यालयामार्फत प्रत्यक्ष पायी मोजणी केली असता एकूण ४८ (अक्षरी अठ्ठेचाळीस) खड्डे आढळून आले. सबब १४३ हा आकडा कोणत्या पद्धतीने काढण्यात आला, याचा खुलासा शुक्रवारी सकाळी दहा वाजता संयुक्त पाहणीच्या वेळी करावा. अन्यथा सदर वृत्त खोडसाळ समजण्यात येईल.' खाली अभियंता बिराजदार साहेबांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

'चुकीचे' म्हटलं असतं तरी एक वेळ सोसलं असतं. 'खोडसाळ' हा शब्द मी तीनदा वाचला.

माझी पद्धत साधी होती. रविवारी सकाळी ताशी तीसच्या वेगानं मी गाडी चालवली आणि शेजारी आमची मंडळी वही घेऊन बसली. एक हादरा, एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. चंद्रप्रभा प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तीस वर्षं हजेरी घेतलेला हात. त्यावर माझा स्वतःइतकाच विश्वास. बेरीज आम्ही दोघांनी वेगवेगळी केली. दोन्हींचं उत्तर १४३.

बुधवारी सकाळी मी पत्र हातात घेऊन अंगणात उभा होतो. सल्ला मागण्याचा माझा विचार नव्हता, पण आमच्या गल्लीत सल्ल्यासाठी अर्ज करावा लागत नाही. शेजारचे हिंमतराव कंपाउंडच्या भिंतीला वळसा घालून आले. माणूस मोठा शेतकरी, आवाज त्याहून मोठा.

"काय म्हणतंय खातं?"

मी पत्र वाचून दाखवलं.

"हात्तिच्या! त्यात काय एवढं? सरळ म्हणायचं, बातमी आल्या आल्या तुमी खड्डे बुजवलाव."

"एका दिवसात पंच्याण्णव?"

"मग आसं इचारा, खड्डा म्हणताव तरी कशाला? वीतभर का हातभर? ह्याच्यावर सा महिने निघत्यात."

बोलताना हिंमतरावांचा हात माझ्या गाडीच्या बॉनेटवर होता. आयुष्यभर बैलांच्या वशिंडावर हात ठेवून बोललेला माणूस. जवळ बैल नसला की ट्रॅक्टर चालतो, ट्रॅक्टर नसला की माझी गाडी. 'सा महिने' म्हणताना त्यांनी बॉनेटवर जोरात थाप मारून हात काढला. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा वर आलं, आणि आणखी एकदा तसंच करून थांबलं.

भिंतीपलीकडे सारजाबाई, म्हणजे हिंमतरावांची मंडळी, धुणं वाळत घालत होत्या. त्या ओरडल्या, "आवं, नंदीबैलावानी मान हालवायली की गाडी!"

झालं. हिंमतरावांनी बॉनेट पुन्हा दाबलं आणि नंदीबैलवाल्याच्या सुरात विचारलं, "सांग बरं, औंदा सोयाबीनला भाव येतो का?" गाडीनं तीनदा मान डोलावली. "पोरीचं जमतंय का दिवाळीपतोर?" पुन्हा तीनदा. तोवर गल्लीतली चार-पाच माणसं जमली होती. प्रत्येकाचा काही ना काही प्रश्न होता आणि प्रत्येकाला होकार मिळत होता. ज्या गाडीच्या काचेवर मी 'पत्रकार' ही अक्षरं लाल रंगात लिहून घेतली आहेत, ती गाडी भविष्य सांगत होती आणि मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. कुणीतरी एक केळंही बॉनेटवर ठेवलं.

पण सवय वाईट. मान किती वेळा हलते ते मी नकळत मोजत होतो. सोयाबीन, तीन. दिवाळी, तीन. बोअरचं पाणी, तीन. सातव्या प्रश्नालाही तीनच.

मी घरात जाऊन वही काढली. १४३ भागिले तीन. उत्तर आलं सत्तेचाळीस आणि वर दोन उरले. म्हणजे सत्तेचाळीस पूर्ण खड्डे आणि एक दोन-तृतीयांश खड्डा. असा खड्डा कोणत्याही खात्याच्या व्याख्येत बसत नाही. मला क्षणभर हायसं वाटलं.

"एक रेघ राहिलीय," दारातून चंद्रप्रभा म्हणाली.

"कुठं?"

"खंडोबाच्या देवळापाशी. मी हात जोडले तेव्हा पेन मांडीवर ठेवलं होतं. एक हादरा तेवढ्यात बसला."

"मग तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"अहो, एकशे त्रेचाळीसात एकानं काय होतंय, असं वाटलं."

एकानं काय होतं! एकशे चव्वेचाळीस भागिले तीन, अठ्ठेचाळीस. अक्षरी अठ्ठेचाळीस. प्रत्येक खड्ड्याला माझी गाडी तीनदा हादरली होती आणि चंद्रप्रभेनं इमानेइतबारे तीन रेघा मारल्या होत्या. मोजणी बिनचूक होती, भागाकार तेवढा राहिला होता. चपलांना भागायचं ज्याला सुचतं, त्याला खड्ड्यांना भागायचं सुचलं नाही.

अर्थात हा झाला तर्क. तर्कावर मी कधी बातमी दिलेली नाही, मग खुलासा कसा देणार? गाडी दुरुस्त करायची, त्याच रस्त्यानं त्याच वेगानं जायचं आणि पुन्हा मोजायचं, एवढाच मार्ग होता. शुक्रवारच्या दहापर्यंत दोन दिवस होते. अठ्ठेचाळीस भरले तर बावीस वर्षांची पाटी माझ्या हातानं पुसायची. जास्त भरले तर 'खोडसाळ' हा शब्द बिराजदार साहेबांना परत करायचा.

गॅरेजला निघालो तर हिंमतराव आडवे आले. "गॅरेज कशाला? गाडी हलकी पडलीय, म्हणून उडती. डिक्कीत दोन पोती टाका, बघा कशी जमिनीला धरून चालती." माझ्या होकाराची वाट न पाहता त्यांनी सोयाबीनची दोन पोती टाकली आणि स्वतः पुढं बसले. गाडीची मागची बाजू खाली बसली, तोंड वर झालं आणि वाटेतल्या गतिरोधकाला खालून असा आवाज आला की रस्त्यावरच्या दोन म्हशी थांबल्या. पोती आडतीवर न्यायचीच होती, हे मला आडतीसमोर "इथं जरा थांबवा" ऐकल्यावर कळलं.

गॅरेज गावाच्या टोकाला, शिवलिंगचं. शिवलिंग उमरग्याकडचा, बोलणं मोजकं. त्यानं गाडीचे चारही कोपरे एकेक करून दाबले. मग पुढच्या चाकामागं बॅटरी मारून पाहिलं.

"तेल सोडलंय."

"कुणी?"

"शॉकपनी. दोन्ही पुढचे गेल्यात. मागचे चांगले हायत."

मी वाकून पाहिलं. चाकामागं उभी असलेली शॉकअपची नळी तेलानं ओली होती आणि त्यावर धुळीचा थर चिकटून पुरणासारखा झाला होता.

"म्हणजे नेमकं काय होतं?"

शिवलिंगनं पाना खाली ठेवला. हे त्याच्या आयुष्यातलं बहुधा सर्वांत लांब भाषण असावं. "हे बघा सायेब. खड्डा आला की स्प्रिंग उडी मारतंय. शॉकप त्येला म्हणतो, बस. तुमच्या शॉकपनं बस म्हणायचं सोडलंय. मग स्प्रिंग आपलं उड्या मारत बसतंय. ब्रेक मारल्यावर तोंड खाली जातंय का?"

"जातं."

"वळणावर डुलती?"

"डुलते. मला वाटायचं, वारा आहे."

"टायर बघा. एका जागी झिजलंय, एका जागी न्हाय. कडेनं हात फिरवला की लाटा लागत्यात."

लागल्या. ते टायर खराब निघालं, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो.

"कधीपासून असेल हे?"

"दीड-दोन वर्सं तरी."

दोन वर्षांत रस्त्यांवर लिहिलेल्या बातम्या मला आठवल्या आणि मी मिळेल त्या स्टुलावर बसलो. मनातल्या मनात एकेक तपासली. 'दुरवस्था', 'चाळण', 'वाहनचालक त्रस्त'. सुदैवानं एकीतही आकडा नव्हता. त्रस्त वाहनचालक तर होताच, मी स्वतः.

"दोन्ही जोडीनं बदलायचे," शिवलिंग म्हणाला. "एकच बदलला तर गाडी तिरकी उडती. माल सोलापूरहून यील. डावा वायला, उजवा वायला. नीट सांगून मागवा."

नीट सांगणं हा तर माझा धंदा. डावं-उजवं म्हटलं की घोटाळा होतो. समोर उभ्या माणसाचं डावं वेगळं आणि गाडीत बसलेल्याचं वेगळं. म्हणून मी सोलापूरच्या दुकानदाराला मोबाईलवर संदिग्धतेला जागाच राहणार नाही असा मजकूर पाठवला : 'गाडीसमोर उभे राहून पाहिल्यास डावीकडे येणारा एक आणि चालकाच्या जागी बसून पाहिल्यास डावीकडे येणारा एक, असे एकूण दोन नग एसटीने पाठवावेत.' पाठवण्यापूर्वी दोनदा वाचला. स्वल्पविरामसुद्धा खटकत नव्हता.

गुरुवारी दुपारी एसटीनं खोकं आलं. शिवलिंगनं उघडलं, एक नग हातात घेतला, दुसरा घेतला आणि दोन्ही माझ्यासमोर धरले.

"सायेब, दोन्ही डावेच हायत."

"अशक्य. मी लेखी कळवलंय."

दुकानदाराला फोन लावला. तो माणूस अतिशय नम्र. "साहेब, तुमीच लिहिलंय की, डावीकडचा एक आन् डावीकडचा एक. आमाला पण जरा वाटलं. पण म्हणलं पत्रकार हायत, लिहिलंय तर तसंच आसंल."

माझ्या अचूकपणावर त्या अनोळखी माणसानं ठेवलेला विश्वास इतका पूर्ण होता की रागावणंही शक्य नव्हतं. एक डावा परत गेला. उजवा शुक्रवारी सकाळी सातच्या काळीपिवळी जीपनं निघेल असं ठरलं. हातातला डावा शिवलिंगनं बसवून टाकला, कारण सकाळी एकच काम उरलेलं बरं.

संध्याकाळी गाडी घेऊन घरी आलो. हिंमतरावांनी सवयीनं बॉनेट दाबलं. एक बाजू जागच्या जागी थांबली आणि दुसरी तीनदा वरखाली झाली. सारजाबाईंनी भिंतीवरून निकाल दिला, "आता तर व्हय म्हणता म्हणता न्हाय म्हणायली!" बोअरला पाणी लागणार असं काल ऐकून गेलेला गृहस्थ चिंतेत पडला.

शुक्रवारी काळीपिवळी आली साडेआठला. जीपमध्ये नऊच्या जागी चौदा माणसं होती आणि माझा शॉकअप एका आजीबाईंच्या मांडीवर उभा होता. आजीबाईंनी तो नातवासारखा दोन्ही हातांनी धरला होता. "लई जड हाय बाबा तुझं," एवढंच म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. शिवलिंगनं स्प्रिंगला लोखंडी शिकंजा लावून ते आवळलं, जुनी नळी काढली, नवी बसवली, वरचं रबरही बदललं. नऊ चाळीसला चाक चढलं. "अलाइनमेंट उमरग्याला करून घ्या, स्टेअरिंग जरासं डावीकडं जाईल," तो म्हणाला. मग बाजूला झाला आणि मला खूण केली.

मी स्वतः बॉनेट दाबलं. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. एकदाच. पुन्हा दाबलं. एकदाच. बावीस वर्षांत मी बऱ्याच उद्घाटनांना हजर राहिलो, पण टाळी वाजवावीशी मला तेव्हाच वाटली.

दहाला बिराजदार साहेब आले. उंच, शांत, हातात फाईल. त्यांना मी माझ्या शेजारी बसवलं. मागं चंद्रप्रभा वही घेऊन, आणि तिच्याशेजारी हिंमतराव. "पंच नगं का कुणी?" असं म्हणून ते आपणहून बसले होते.

मी तीसचा वेग धरला. पहिला खड्डा. एक धक्का आणि मग रस्ता. दुसरा, तसाच. साहेब बोटांवर मोजत होते, चंद्रप्रभा रेघा मारत होती, आणि मी पुढं पाहत ऐकत होतो. खंडोबाच्या देवळापाशी तिनं डाव्या हातानं नमस्कार केला. उजव्यात पेन होतं. वीस झाले. तीस झाले. चाळिसाव्याला हिंमतरावांनी श्वास रोखला. करजवाडी फाट्यावर गाडी थांबवली. चंद्रप्रभेनं वही पुढं केली. नऊ पूर्ण जुड्या आणि तीन रेघा.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणालो. "साहेब, तुमचा आकडा बरोबर आहे. माझा चुकला."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तीन हादरे, भागाकार, देवळापाशी राहिलेली रेघ. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसू आवरलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"जाऊ द्या मार्तंडराव," ते म्हणाले. "एकाच तालुक्यातली माणसं आपण. तुम्ही काही छापू नका, मीही पत्र फाईलला लावून टाकतो. विषय संपला."

हिंमतराव मागून माझ्या कानाशी आले. "बगा, सायेब मोठ्या मनाचे हायत. घ्या पदरात. कुणाला कळतंय?"

कुणाला कळणार नव्हतं, हे खरं. पाटी तशीच राहिली असती. मी आरशातून चंद्रप्रभेकडे पाहिलं. ती म्हणाली, "वहीत तर आहे." आणि वही मिटून तिनं पिशवीत ठेवली.

"साहेब, दुरुस्ती मी छापणार," मी म्हणालो. "तुमचं पत्र आधाराला जोडतो."

"जशी तुमची मर्जी," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल आदर होता. तो आदर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला.

दुपारी मी मजकूर आणि पत्राचा फोटो मुख्य कार्यालयात पाठवला. आमच्या आवृत्तीची पानं जाई लावते. उपसंपादक आहे, कामात चोख. तिचा लगेच फोन आला.

"काका, तुमची दुरुस्ती? तुमची? बरं, सातव्या पानावर खाली टाकते दोन ओळी. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"बातमी पहिल्या पानावर होती. दुरुस्तीही तिथंच."

"पण काका, कशाला उगाच..."

"सोबत पत्र आहे ते वाच."

ती वाचत होती. फोनवर मागं कुणाच्या तरी संगणकाची टकटक ऐकू येत होती.

"काका, यांनी अठ्ठेचाळीस खड्डे लेखी मान्य केलेत?"

"अक्षरीसुद्धा."

"सही-शिक्क्यासह?"

"आणि जावक क्रमांकासह. मी बावीस वर्षं खड्ड्यांवर लिहितोय. एकही खड्डा कोणत्याही खात्यानं आजवर मान्य केलेला नव्हता. खात्याच्या उत्तरांत ते नेहमी 'तुरळक' असायचे नाहीतर 'काम प्रगतिपथावर'."

जाईनं जागा दिली. जुन्या बातमीचीच, तेवढ्याच रुंदीची. दुरुस्ती ज्याची चूक त्याच्या नावानं द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. त्यामुळे पहिल्या पानावर माझं संपूर्ण नाव शनिवारी प्रथमच छापून आलं. मजकूर असा :

'करजवाडी रस्त्यावर ४८ खड्डे. खात्याची लेखी कबुली. या रस्त्यावर १४३ खड्डे असल्याचे वृत्त सोमवारी दिले होते. ते चुकीचे होते. मोजणीसाठी वापरलेल्या माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप निकामी असल्याने प्रत्येक खड्ड्याचे तीन हादरे धरले गेले. शॉकअप बदलून संयुक्त पाहणीत फेरमोजणी केली असता खड्डे अठ्ठेचाळीस भरले. संबंधित खात्याच्या पायी मोजणीतही तितकेच आढळले असून तसे पत्र उपलब्ध आहे. चुकीबद्दल दिलगीर आहे. खड्डे कायम आहेत.'

सव्वासातला बिराजदार साहेबांचा फोन आला. वरिष्ठांचा त्यांना सात वाजताच आला होता, असं आवाजावरून वाटलं.

"मार्तंडराव, ही दुरुस्ती आहे का बातमी?"

"साहेब, एकही शब्द चुकला असेल तर सांगा. उद्या पुन्हा दुरुस्ती देतो."

पलीकडे ते हसले. चांगला माणूस. "नको," ते म्हणाले. "उद्याची जागा दुसऱ्या कुणाला द्या."

चूक मी केली होती, आणि ती माझ्या नावानं पहिल्या पानावर होती. तरी त्या दिवशी बसस्टँडपर्यंत मी जरा ताठ मानेनंच चाललो. वाटेत तिघांनी मला थांबवून आपापल्या गाड्यांचं बॉनेट दाबायला लावलं. दोन चांगल्या होत्या. तिसऱ्याला शिवलिंगकडे पाठवलं आणि डावा-उजवा मागवताना माझा सल्ला घेऊ नका, असं बजावलं.

पुढच्या बुधवारी करजवाडी रस्त्यावर डांबराची गाडी आली. मान्य केलेल्या खड्ड्यांपैकी एखादा चुकू नये म्हणून खात्यानं प्रत्येकाशेजारी चुन्यानं आकडा टाकला होता. मी गाडी फाट्यावर लावली आणि अकरा किलोमीटर पायी चालत आलो. एकही आकडा गाळलेला नव्हता, एकही दोनदा टाकलेला नव्हता. संध्याकाळी सहाच्या आत तेवढीच बातमी पाठवली.